कोलंबसला घर घेताना: बाहेर पडण्याची अट आधी वाचा

प्रश्न: मी पुण्यात इंजिनं बनवणाऱ्या कंपनीत काम करते. जानेवारीत दीड वर्षासाठी अमेरिकेत, इंडियाना राज्यातल्या कोलंबसला जायचं आहे. नवरा दोन महिन्यांनी येईल आणि मे महिन्यात आई-बाबा राहायला येतील. वन बेडरूमची दोन घरं फोटोंवरून निवडून ठेवली आहेत. पहिलं मोठ्या संकुलात, ‘सेकंड फ्लोअर’वर. भाडं १,०९५ डॉलर, वर पाणी-कचऱ्याचे ६५. वर्षाचा करार केला तर पहिला महिना फुकट, वर्षानंतर महिना-महिना राहायचं तर दरमहा २०० जास्त. दुसरं गावात, जुन्या लाकडी घराचा वरचा मजला. भाडं पाणी धरून ९२५. घर गरम करणारी गॅसची भट्टी तळघरात आहे, जवळून हॉ क्रीक नावाचा ओढा जातो, मालक शेजारीच राहतात. संकुलवाले क्रेडिट स्कोअर मागतात, तो माझ्याकडे नाही. कोणतं घर घेऊ? काय तपासू? – एक वाचक, पुणे

उत्तर:

तुम्ही भाड्याचे आकडे नीट लिहून पाठवलेत, पण दीड वर्षाआधी परत यावं लागलं तर काय, हे दोन्ही ठिकाणी विचारलेलं दिसत नाही. पुण्यात भाड्याचं घर म्हटलं की अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, दोन-चार महिन्यांचं डिपॉझिट आणि निघायचं असेल तेव्हा महिन्याची नोटीस, हे गणित डोक्यात पक्कं बसलेलं असतं. इंडियानात डिपॉझिट बहुधा एका भाड्याएवढंच असतं, मात्र करार बारा महिन्यांचा केला की तुम्ही बाराही महिन्यांचं भाडं कबूल केलेलं असतं. महिन्याची नोटीस देऊन मध्येच निघायची सोय तुमच्या करारात लिहिलेली असेल तरच असते.

संकुलांच्या करारांत मुदतीआधी सोडण्याचं कलम सर्रास असं असतं: ६० दिवसांची लेखी नोटीस, त्या काळाचं भाडं, दोन महिन्यांच्या भाड्याएवढा आकार आणि सुरुवातीला दिलेली सूट परत. तुमच्या आकड्यांत बसवून पाहा. नोटीसच्या दोन महिन्यांचे २,३२०, आकाराचे २,१९० आणि ‘फुकट’ महिन्याचे १,०९५, म्हणजे ५,६०५ डॉलर. त्यातले २,३२० राहण्याचे म्हणून सोडले तरी ३,२८५ डॉलर निव्वळ निघण्याचे झाले. कंपनीच्या कामावर गेलेल्या माणसाला प्रकल्प लवकर गुंडाळल्याचा निरोप कधीही येऊ शकतो. म्हणून सही करण्याआधी बदलीचं कलम मागा: ‘नोकरीतल्या बदलीमुळे जावं लागलं तर कंपनीचं पत्र आणि ६० दिवसांची नोटीस, एवढ्यावर करार संपेल.’ कमिन्स या इंजिनं बनवणाऱ्या कंपनीमुळे या गावाला बाहेरून येणाऱ्या-जाणाऱ्या इंजिनिअरांची सवय आहे. पुण्याशी तर नातं जुनंच आहे, कोथरूडचा किर्लोस्कर कमिन्स १९६२ चा. तिथल्या ऑफिसात ही मागणी कुणाला विचित्र वाटणार नाही. ‘हो हो, बघू तेव्हा’ असं तोंडी उत्तर मिळालं तर ते नाही म्हणूनच धरा आणि पुरवणी कागदावर दोघांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे भरू नका. कंपनी घरासाठी मदत करत असेल तर मुदतपूर्व निघण्याचा खर्च ती देईल का, हेही एचआरकडून मेलवर घ्या.

आता दीड वर्षाचा हिशेब. संकुलात बारा महिन्यांचा करार आणि पुढे सहा महिने महिना-महिना: पहिल्या वर्षाचे ११ भाडी अधिक बारा वेळा ६५, म्हणजे १२,८२५, पुढच्या सहा महिन्यांचे ८,१६०. एकूण २०,९८५, महिन्याला साधारण १,१६६ पडले. फुकट महिना दुसऱ्या बाजूने कधीच वसूल झाला. तेच त्यांनी एकदम अठरा महिन्यांचा करार आणि तीच सूट दिली, तर १९,७८५. अठरा देत नसतील तर पंधरा मागा, बऱ्याच संकुलांत तेवढी मुदत मिळते. जुन्या घराचे अठरा महिन्यांचे १६,६५०.

हे वीज-गॅस सोडून. संकुलातलं घर बहुधा पूर्ण विजेवर असेल. तिथे गरम कशाने होतं ते नेमकं विचारा. भिंतीच्या तळाशी लांब पट्ट्यासारखे विजेचे हीटर असतील तर जानेवारीचं बिल डोळ्यांत पाणी आणतं. हीट पंप (बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणारं, उलट चालणाऱ्या एसीसारखं यंत्र) असेल तर बरंच कमी येतं, फक्त कडाक्याच्या थंडीत त्याचा मदतीचा हीटर सुरू होतो तेव्हा मीटर पळतं. जुन्या घरात गॅस भट्टी स्वस्त, पण खिडक्या गळक्या. दोन्हीकडे गेल्या बारा महिन्यांच्या बिलांची सरासरी मागा. घरमालकाला माहीत नसेल तर त्या पत्त्याची सरासरी वीज किंवा गॅस कंपनीकडे चौकशी करूनही बहुधा कळते. जुन्या घराला हिवाळ्याच्या दहा महिन्यांत (दीड वर्षात तुम्हाला दीड हिवाळा लागणार) महिन्याला १५० डॉलर जास्त गेले असं धरलं, तरी ते संकुलापेक्षा स्वस्तच राहतं.

तेव्हा आमचा कौल जुन्या घराला, पण चार गोष्टी जागेवर जाऊन तपासल्यानंतरच.

पहिली, ओढा. ७ जून २००८ ला हॉ क्रीकला असा पूर आला की गावातलं कोलंबस रीजनल हॉस्पिटल रिकामं करावं लागलं आणि ते काही महिने बंद होतं. तुम्ही वरच्या मजल्यावर, म्हणून पाण्याची भीती नाही असं वाटेल, पण भट्टी आणि पाण्याचा बंब तळघरात आहे. तिथे फूटभर पाणी शिरलं तरी वर तुमचं घर थंड आणि नळाला गरम पाणी नाही. शिवाय गाडी खालीच उभी. घराचा पत्ता फेमाच्या (अमेरिकेच्या सरकारी आपत्ती-व्यवस्थापन संस्थेच्या) पूर-नकाशात टाका. ‘एई’ किंवा ‘ए’ने सुरू होणारा पट्टा दिसला तर पूरक्षेत्र समजा. तळघरात उतरून भिंतींवर पाण्याची रेघ, खांबांच्या तळाचा गंज, ओलसर वास पाहा, आणि २००८ साली पाणी कुठवर आलं होतं ते मालकांना सरळ विचारा. भाडेकरूच्या नेहमीच्या विम्यात पूर धरत नाहीत. त्यासाठी सरकारी पूर-विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि भाडेकरूला तो फक्त सामानापुरता घेता येतो.

दुसरी, तळघराची किल्ली. टॉर्नेडोचा, म्हणजे जमिनीवरून भोवऱ्यासारख्या फिरत जाणाऱ्या वादळाचा, भोंगा वाजला की तळघरात जायचं असतं. भाडेकरूला तळघर वापरायची परवानगी नसेल किंवा दाराला मालकांचं कुलूप असेल, तर जुन्या लाकडी घराचा वरचा मजला ही त्या वेळी थांबायची जागा नाही. किल्ली मिळेल असं लिहून घ्या. संकुलात तळघर नसतं; तिथे खालच्या मजल्यावरची बिनखिडकीची न्हाणीघर किंवा कपडे धुण्याची खोली कोणती, ते आधीच बघून ठेवा.

तिसरी, बाहेर पडायची दुसरी वाट. मोठ्या घराचे नंतर दोन भाग केलेले असतात तेव्हा वरच्याला एकच अरुंद जिना उरतो. आग लागली तर दुसरीकडून उतरता येईल असा जिना किंवा निदान सहज उघडणारी, माणूस निघेल एवढी खिडकी झोपायच्या खोलीत हवी. खिडकी स्वतः उघडून पाहा. जुन्या घरांत रंगाचे थर चढून चौकटी चिकटून बसलेल्या असतात. धुराची घंटा मालकाने बसवून द्यायची, हा इंडियानाचा कायदा आहे. बॅटरी बदलणं तुमचं काम. गॅसची भट्टी आहे म्हणून कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारं यंत्रही हवं. नसेल तर मागा, आणि त्यांनी टाळलं तर स्वतः घ्या, महाग नसतं.

चौथी, खिडक्या आणि रंग. एकेरी काच असेल तर बाहेरून जोडकाचेची चौकट आहे का पाहा. नसल्यास हिवाळ्याआधी खिडकीला लावायचं पारदर्शक प्लास्टिक मिळतं: आतून चौकटीला दुहेरी टेप, वर फिल्म, मग केस वाळवायच्या ड्रायरने ती ताणून घ्यायची. घर १९७८ च्या आधीचं असेल तर रंगातल्या शिशाची माहिती आणि सरकारी पुस्तिका करारासोबत देणं मालकावर बंधनकारक आहे. ती दिली नाही तर मागून घ्या. रंगाचे पापुद्रे निघताना दिसले, तर सही करण्याआधी ते दुरुस्त करून मागा.

यातली एक जरी गोष्ट अडली, विशेषतः पहिली किंवा तिसरी, तर संकुलात अठरा महिन्यांचा करार करा आणि जास्तीचे पैसे गेले असं समजा.

आई-बाबांचं. हा प्रश्न तुम्ही ओघात लिहिलाय, पण करारात नेमका इथेच तंटा होतो. पाहुण्यांचं कलम शोधा; ‘सलग १४ दिवसांपेक्षा जास्त राहणारा पाहुणा हा रहिवासी समजला जाईल’ अशी ओळ बहुतेक करारांत असते. व्हिजिटर व्हिसावरचे आई-वडील तीन-चार महिने राहतात, हे तिथल्या ऑफिसला गृहीत धरायची सवय नसते. शिवाय एका बेडरूममागे दोन माणसं ही मर्यादा संकुलं सर्रास लावतात, आणि केंद्राच्या गृहखात्याच्या १९९८ च्या सूचनांनी ती सर्वसाधारणपणे वाजवीच धरली आहे. तुम्ही चौघं झालात की मर्यादा ओलांडली. लपवू नका, कुणी तक्रार केली तर करारभंगाची नोटीस तुमच्या नावावर लागेल. आधीच सांगा: आई-वडील अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत, आणि त्याला संमती म्हणून दोन ओळींचं पत्र घ्या. शेजारीच राहणाऱ्या मालकांशी हे जमण्याची शक्यता जास्त, आमचा कौल तिकडे जाण्याचं हेही एक कारण. आणि त्यांचा ‘सेकंड फ्लोअर’ म्हणजे आपला पहिला मजला. एकच जिना, पण बाबांचे गुडघे दुखत असतील तर बर्फातला बाहेरचा लाकडी जिना मोजून घ्या: पायऱ्या किती, कठडा दोन्हीकडे आहे का, आणि मीठ टाकून बर्फ काढायचं काम कुणाचं.

नवऱ्याचं नाव पहिल्या दिवसापासून करारात घाला, तो नंतर येणार असला तरी. मागून नाव घालायचं म्हणजे पुन्हा अर्ज, पुन्हा फी. शिवाय ड्रायव्हिंग लायसन्ससारख्या कामांना पत्त्याचा पुरावा लागतो, तिथे करार आणि विजेचं बिल दोन्ही उपयोगी पडतात. बिल एकाच्या नावावर असेल तर दुसऱ्याकडे करार तरी हवा.

क्रेडिट स्कोअरची धास्ती घेऊ नका. ऑनलाइन अर्ज सोशल सिक्युरिटी नंबराशिवाय (हा तिथला सरकारी ओळख-क्रमांक) पुढे सरकतच नाही, म्हणून लोक तिथेच अडकून बसतात. ऑफिसला फोन करा आणि नवीन आलेल्या परदेशी नोकरदारांचा अर्ज कसा घेता ते विचारा. ऑफर लेटर (त्यात अमेरिकेतला पगार डॉलरमध्ये लिहिलेला हवा, पगार भाड्याच्या तिप्पट असावा ही नेहमीची कसोटी), कंपनीच्या एचआरचं पत्र, पासपोर्ट-व्हिसा आणि बँकेचं स्टेटमेंट, एवढा संच तयार ठेवा. जास्त डिपॉझिट मागू शकतात, इंडियानात डिपॉझिटला वरची मर्यादा नाही. ते चालेल, परत मिळणारे पैसे आहेत. डिपॉझिटऐवजी दरमहा थोडी फी भरायची योजना सुचवली तर नको म्हणा. ती फी परत मिळत नाही, आणि मोडतोडीचे पैसे ती योजना चालवणारे शेवटी तुमच्याकडूनच वसूल करतात.

फोटोंवरून पैसे मात्र पाठवू नका. दोन-तीन आठवडे स्वयंपाकघर असलेल्या हॉटेलात काढा, घरं डोळ्यांनी पाहा, मग सही. ‘मालक परदेशी आहेत, डिपॉझिट पाठवा, किल्ली पोस्टाने येईल’ असं कुणी म्हटलं की तो ठगच. जुन्या घराचा मालक खरोखर मालक आहे का, हे बार्थोलोम्यू काउंटीच्या (कोलंबस ज्या जिल्ह्यात आहे त्याच्या) मालमत्ता-नोंदींत नावावरून पडताळता येतं.

स्वयंपाकघराकडे थोडं थांबून बघा, कारण मराठी घराचा निम्मा दिवस तिथे जातो आणि डिपॉझिटही तिथेच कापलं जातं. शेगडी बहुधा विजेच्या कॉइलची. गोल बुडाची कढई आणि खोलगट तवा त्यावर तापतच नाही, सपाट जाड बुडाची भांडी न्या. नव्या शेगड्यांत कॉइलच्या मध्यभागी नाण्याएवढी चकती असते. भांड्याच्या बुडाला ती टेकते आणि ठरावीक उष्णतेला वीज तोडते. बुड वाकडं असेल तर ती सारखी तोडत-जोडत राहते, भाकरी फुगत नाही, आणि शेगडी बिघडली असं वाटतं. बिघाड भांड्यात असतो. मग शेगडीवरची चिमणी. वरचं कपाट उघडा: आतून पत्र्याचा नळकांडा वर गेलेला दिसला तर धूर बाहेर जातो. नुसतं रिकामं कपाट असेल तर ती चिमणी धूर गाळून परत तुमच्याच तोंडावर सोडते, आणि मिरची-लसणाच्या फोडणीने धुराची घंटा हमखास वाजते. घंटेची बॅटरी काढून ठेवू नका, कायद्याने ती बंद पाडायची नाही. फोडणीच्या आधी खिडकी फटभर उघडा, पंखा तिच्याकडे तोंड करून लावा आणि चिमणीची जाळी दर पंधरा दिवसांनी गरम पाण्यात साबण घालून धुवा.

पुण्याचा मिक्सर नेऊ नका. तिथे १२० व्होल्ट, इथे २३०. ट्रान्सफॉर्मरचं धूड सांभाळण्यापेक्षा तिथल्या विजेवर चालणारा भारतीय पद्धतीचा मिक्सर तिकडे मिळतो, तो घ्या. एका सर्किटवर मायक्रोवेव्ह आणि किटली एकदम लावली तर फ्यूज उडतो, म्हणून ब्रेकरची पेटी कुठे आहे ते पहिल्याच दिवशी विचारा. जुन्या घरात ती तळघरात असते, पुन्हा तीच किल्ली. सिंकखालच्या कचरा दळणाऱ्या यंत्रात भात, कांद्याची सालं, शेवग्याचा चोथा टाकू नका. भात फुगून नळी तुंबते. तूप-तेल डब्यात ओतून कचऱ्यात. थंडीत ते नळीत गोठतं आणि प्लंबरचं बिल तुमच्याकडे येतं. बैठकीच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचा असेल तर जेवणाच्या जागेखाली जाड प्लास्टिकची चटई घाला, हळदीचा डाग गालिच्यातून निघत नाही. ओट्याच्या फिक्या लॅमिनेटवरही तसंच.

ताबा घ्याल त्याच दिवशी, सामान आत येण्याआधी, रिकाम्या घराचे फोटो आणि व्हिडिओ घ्या: गालिचा, कपाटांची आतली बाजू, ओव्हन, फ्रिजचं रबर, खिडक्यांचे पडदे, न्हाणीघरातली सांध्यांची काळी रेघ. चारही कॉइल चालू करा, गरम पाणी किती वेळात येतं ते पाहा, सिंकखाली हात फिरवून ओल बघा, प्रत्येक सॉकेटला फोनचा चार्जर लावून पाहा. भट्टीचा फिल्टर ओढून काढा, त्याच्या कडेवर माप छापलेलं असतं. काळा असेल तर नवा मागा. घरासोबत गादी-पलंग मिळाला असेल तर त्यांचे सांधे आणि फटी ढेकणांसाठी तपासा, शेगडीमागची जागा झुरळांसाठी. जे सापडेल ते तपासणीच्या फॉर्मवर लिहा, मालकांची सही घ्या, प्रत स्वतःकडे मेल करून ठेवा.

दुरुस्तीची तक्रार नेहमी लेखी करा. दुरुस्ती होत नाही म्हणून भाडं रोखणं किंवा स्वतः दुरुस्त करून पैसे कापणं, हे इंडियानात अंगाशी येतं. भाडं थकलं की मालक १० दिवसांची नोटीस देऊन कोर्टात जाऊ शकतो, आणि एकदा असा दावा नावावर लागला की पुढचं घर मिळणं कठीण. तंटा पैशांचाच असेल तर १०,००० डॉलरपर्यंत स्मॉल क्लेम्स कोर्टात वकिलाशिवाय जाता येतं. जानेवारीत गावाला जाताना थर्मोस्टॅट ५५ फॅरनहाइटच्या खाली नेऊ नका आणि बाहेरच्या भिंतीला लागून असलेला घरातला नळ बारीक धारेने चालू ठेवा. नळ्या फुटल्या तर खालच्या घराचं नुकसानही तुमच्याच माथी येऊ शकतं, त्यासाठी भाडेकरूचा विमा हवाच. संकुलवाले बहुधा त्यात इतरांच्या नुकसानीची १,००,००० डॉलरपर्यंतची जबाबदारी घेतलेली मागतात.

निघताना डिपॉझिटचं. करार संपून ताबा दिल्यावर मालकाने ४५ दिवसांत पैसे परत करायचे किंवा कपातीची तपशीलवार यादी पाठवायची, असा इंडियानाचा कायदा आहे. हे ४५ दिवस तुमचा पुढचा पत्ता त्यांना लेखी मिळाल्यावरच मोजले जातात. भारतात परतणारे लोक हा पत्ता द्यायचंच विसरतात. तिथे राहणाऱ्या खात्रीच्या मित्राचा पत्ता लेखी द्या, मेल आणि पोस्ट दोन्हीने. चेक करारातल्या दोघांच्या नावे एकत्र निघतो आणि तो पुण्यातल्या बँकेत वटवणं जवळजवळ अशक्य. म्हणून पैसे तुमच्या अमेरिकेतल्या खात्यात थेट भरावेत असं आधीच लिहून मागा आणि ते जमा होईपर्यंत खातं बंद करू नका.